कोलोनचे अनुगा: सांगलीच्या बेदाणा-हळदीच्या हिशेबाने

जर्मनीतील कोलोन शहरात दर दोन वर्षांनी, विषम सालच्या ऑक्टोबरात भरणारे अनुगा हे खाद्य आणि पेय उद्योगाचे जगातील सर्वांत मोठे व्यापारी प्रदर्शन मानले जाते, आणि आकार हीच कसोटी लावायची तर हा मान त्याला नाकारण्याचे काही कारण नाही. २०२३ साली तेथे ११८ देशांतील सुमारे ७,९०० कंपन्यांनी स्टॉल मांडले होते आणि सुमारे १,४०,००० व्यावसायिक येऊन गेले. २०२५ मध्ये, ४ ते ८ ऑक्टोबर या काळात, प्रदर्शकांची संख्या ८,०००च्या पुढे गेली. आपल्याकडे अनुगाविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा या आकड्यांपाशी थांबते, किंवा मग ‘आमचे उत्पादन जर्मनीत झळकले’ अशा बातमीसोबतच्या छायाचित्रापाशी. सांगली-तासगाव भागात बेदाणा आणि हळद यांची प्रतवारी व निर्यात करणाऱ्या एका छोट्या व्यवसायातला माणूस म्हणून माझा प्रश्न साधा होता: एवढा खर्च करून तेथे गेल्यावर आपल्यासारख्याच्या पदरात नेमके काय पडते, आणि कोणत्या तयारीने गेले तर पडते? २०२३ साली नुसते पाहायला जाऊन आणि २०२५ साली एका सामायिक स्टॉलवर उभे राहून जे दिसले, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

प्रदर्शनाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. पहिले अनुगा १९१९ साली श्टुटगार्ट येथे जेमतेम दोनशे जर्मन कंपन्यांना घेऊन भरले आणि पुढे काही काळ ते निरनिराळ्या शहरांत फिरत राहिले. १९५१ पासून मात्र ते कोलोनला स्थिरावले. २००३ पासून एका छताखाली दहा स्वतंत्र प्रदर्शने अशी त्याची विभागणी आहे. मांस, गोठवलेले पदार्थ, दुग्धजन्य पदार्थ, बेकरी, पेये, सेंद्रिय माल असे विभाग वेगळे पाडलेले असतात, आणि ‘फाइन फूड’ नावाच्या सर्वांत मोठ्या विभागात मसाले, सुकामेवा, तेले, लोणची, डबाबंद माल असे उरलेले सारे जग येते. आपल्या भागातील बहुतेक उत्पादकांचे काम याच विभागात असते. विभागणी कागदावर चोख असली तरी अनेक देशांची राष्ट्रीय दालने फाइन फूडमध्ये एकत्र मांडलेली असल्यामुळे एकाच वस्तूचे विक्रेते चार सभागृहांत विखुरलेले आढळतात. बेदाणा तुर्कस्तानच्या दालनात आहे, तसाच तो ग्रीस, इराण, दक्षिण आफ्रिका, चिली यांच्याकडेही आहे, आणि युरोपातील आयातदार तो पुन्हा स्वतःच्या स्टॉलवर वेगळ्या पिशवीत घेऊन बसलेले असतात. म्हणून निघण्यापूर्वीच अनुगाच्या संकेतस्थळावरील प्रदर्शकांच्या यादीत वस्तूनिहाय शोध घेऊन सभागृहाप्रमाणे भेटींची यादी करणे हा पर्याय नसून गरज आहे. पावणेतीन लाख चौरस मीटरहून मोठ्या जागेत ‘फिरता फिरता दिसेल ते पाहू’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पाय धरून बसतो.

पोहोचण्याच्या दृष्टीने हे प्रदर्शन फारच सोयीचे आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मुंबईहून विमानाने फ्रँकफर्ट आणि तेथून विमानतळावरच्या स्थानकातून वेगवान रेल्वेने सुमारे तासाभरात कोलोन, असा सरळ मार्ग आहे. प्रदर्शनाचे आवार ऱ्हाइन नदीच्या उजव्या तीरावर डॉइट्झ भागात आहे आणि त्याला लागूनच त्याच नावाचे रेल्वे स्थानक असल्यामुळे टॅक्सीची गरज पडत नाही. मुख्य स्थानकावर उतरलात तरी कॅथीड्रलच्या मागून होहेनझोलर्न पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येते. अडचण असते ती मुक्कामाची. त्या पाच दिवसांत शहरातील हॉटेलांचे दर एरवीच्या कितीतरी पट होतात, त्यामुळे जाणकार मंडळी बॉन किंवा ड्युसेलडॉर्फ येथे राहून रोज रेल्वेने ये-जा करतात. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. जर्मनीत ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी असते आणि रविवारी दुकाने बंद असतात. २०२५ साली शुक्रवारी सुट्टी, शनिवारी प्रदर्शनाचा पहिला दिवस आणि रविवारी पुन्हा सारे बंद असा योग आला होता. दसरा आटोपून गडबडीत निघालेल्या आणि किरकोळ सामान तेथेच घेऊ म्हणणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच तारांबळ उडाली.

आता मूळ मुद्दा. अनुगामध्ये सर्वसामान्य ग्राहकाला प्रवेश नाही आणि तेथे किरकोळ विक्री होत नाही. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनात किंवा महोत्सवात स्टॉलवर माल खपला की प्रदर्शन यशस्वी, अशी जी सवय लागलेली असते ती विमानतळावरच सोडून द्यावी लागते. तेथे येणारा माणूस हा साखळी दुकानांचा खरेदी अधिकारी असतो, आयातदार असतो, बेकरी किंवा म्यूस्ली (सुकामेवा मिसळलेले न्याहारीचे धान्य) बनवणाऱ्या कारखान्यासाठी कच्चा माल घेणारा असतो किंवा हॉटेलांना पुरवठा करणारा वितरक असतो. तो चव घेतो, पण चवीवर निर्णय घेत नाही. मोठ्या युरोपीय कंपन्यांचे अनेक स्टॉल तर चक्क भिंती घालून बंद केलेले असतात. बाहेर स्वागतकक्ष, आत बैठकीच्या खोल्या, आणि आगाऊ वेळ ठरवलेली नसेल तर हसतमुखाने नकार. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा उद्धटपणा वाटतो. त्यांचे पाच दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांच्या भेटींनी भरलेले असतात, हे कळल्यावर त्यात गैर काही दिसत नाही. भेट मागणारा ईमेल ऑगस्टअखेरपर्यंत गेला असेल तरच त्याला अर्थ असतो. भेटीची वेळ अकराची असेल तर अकरालाच पोहोचावे, आणि उशीर होणार असेल तर तसे कळवावे. आपल्याकडचे ‘निघालोच आहे’ तेथे चालत नाही.

माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रदर्शनातील सर्वांत शिकण्यासारखी जागा म्हणजे तुर्कस्तानच्या दालनातले सुलतानी बेदाण्याचे स्टॉल. एका स्टॉलच्या टेबलावर पांढऱ्या वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे सातपासून अकरापर्यंत एकेक आकडा होता. हे आकडे रंगाचे. सात म्हणजे गडद तपकिरी, आणि आकडा वाढेल तसा रंग उजळत जातो. व्यवहार सर्वाधिक चालतो तो नऊ नंबरचा. खरेदीदार येतो, वाटीत बोट घालतो, आकडा बोलतो आणि लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळतो: देठांचे प्रमाण किती, ओलावा किती टक्के, सूर्यफूल तेलाचा हात दिलेला आहे की नाही, ऑक्राटॉक्सिन या बुरशीजन्य विषद्रव्याचा अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा आणि कोणत्या बॅचचा. प्रत्येक वाटीखाली त्या मालाचा एक पानी तपशील ठेवलेला होता आणि त्यावर हे सर्व छापलेले होते. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात मालाच्या कौतुकाचा एकही शब्द झाला नाही. मी बाजूला उभा राहून पाहत होतो, तेवढ्या वेळात हॉलंडच्या एका खरेदीदाराचे तीन कंटेनरांपर्यंतचे बोलणे झाले.

तासगावच्या सौद्यात वाढलेल्या माणसाला हे पाहून आपल्या पद्धतीतले बळ आणि दुबळेपणा दोन्ही एकदम दिसतात. सौद्यात बॉक्स फोडून माल समोर ओतला जातो. रंग, लांबी, गोडी, साल हातावर घेऊन जोखली जाते आणि दोन-चार मिनिटांत बोली पडते. नजरेची ही पारख खरोखर वाखाणण्यासारखी आहे. (सौद्यात बेदाणा उधळला जातो आणि त्याचे वजन शेतकऱ्याच्या अंगावर पडते, ही तक्रार जुनीच आहे, तो विषय वेगळा.) पण ही पारख पारखणाऱ्याच्या डोक्यातच राहते, कागदावर उतरत नाही, आणि कागदावर नसलेली गोष्ट कोलोनच्या टेबलावर अस्तित्वातच नसते. ‘एक नंबर माल’ या शब्दांना तेथे काही अर्थ नाही, कारण एक नंबर कशात, हे सांगणारा आकडा त्यामागे नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपल्या बाजारात सर्वांत चढा भाव मिळतो तो लांब, हिरव्यागार बेदाण्याला. सोनाका, माणिक चमनसारख्या वाणांची सारी प्रतिष्ठा त्या रंगावर आणि लांबीवर उभी आहे. मिठाईवाले आणि दिवाळीचे गिऱ्हाईक तोच मागतात, आखाती देशांतही तो चालतो. युरोपातील बेकरीवाल्याला मात्र त्या हिरवेपणाचे कौतुक नाही. त्याला पावात आणि नाताळच्या केकमध्ये घालायला मध्यम आकाराचा, तपकिरी, गंधकविरहित, एकमेकांना न चिकटणारा आणि यंत्रात सरळ ओतता येईल असा बेदाणा हवा असतो. गंधकाची धुरी दिलेल्या मालात सल्फाइटचे प्रमाण किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेले की युरोपीय नियमांनुसार पाकिटावर तशी नोंद करावी लागते, कारण ॲलर्जी निर्माण करणाऱ्या ज्या १४ घटकांची नोंद सक्तीची आहे त्यांत सल्फाइट येते. ज्या खरेदीदाराला ही नोंद आपल्या पाकिटावर नको असते, त्याच्यापुढे आपला सर्वांत महाग माल नापास होतो आणि शेडमध्ये दुय्यम म्हणून बाजूला पडणारा, नैसर्गिक रंगाचा माल कदाचित पास होतो. अनुगाच्या तिकिटाचे पैसे मला एवढ्या एका निरीक्षणात वसूल झाले असे वाटते.

वेळापत्रकाचाही विचार केला पाहिजे, आणि त्याबाबत प्रदर्शन आपल्याला अनुकूल नाही. तुर्कस्तानात बेदाणा ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होतो, त्यामुळे ऑक्टोबरात ते नवा माल, नवे भाव आणि नव्या पिकाचा अंदाज घेऊन बसलेले असतात आणि वर्षाचे करार त्याच सुमारास होतात. आपला बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रॅकवर वाळतो आणि ऑक्टोबरपर्यंत सहा महिने शीतगृहात काढलेले असतात. रंग टिकलेला असला तरी खरेदीदार पीकवर्ष विचारतो. यावर तोडगा इतकाच, की ऑक्टोबरात आपण ओळख आणि तपशील द्यायचा, आणि खरी बोलणी मार्चमध्ये, नव्या मालाचा नमुना पाठवून करायची. दोन हंगामांमधील हे अंतर, विशेषतः तुर्कस्तानात एप्रिलच्या दहिवराने पीक मार खाल्लेल्या वर्षी, आपल्या पथ्यावरही पडू शकते. पण त्यासाठी खरेदीदाराच्या यादीत आपले नाव आधीपासून असावे लागते.

हळदीची गोष्ट थोडी वेगळी, पण रोख तोच. सामायिक स्टॉलवर आम्ही राजापुरी आणि सेलम अशा दोन्ही वाणांच्या हळदी, अख्खी हळकुंडे आणि पावडर अशा स्वरूपात ठेवल्या होत्या. सांगलीत हळद पाहणारा माणूस हळकुंड मोडतो आणि आतल्या कापाचा रंग बघतो. कोलोनमध्ये आलेल्या एका आयातदाराने हळकुंडाला हातही लावला नाही. त्याने आधी कुर्कुमिनचे (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे) प्रमाण विचारले, नंतर निर्जंतुकीकरण वाफेने केले आहे का ते विचारले, आणि तिसरा प्रश्न होता इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या अहवालाचा. या तिसऱ्या प्रश्नामागे इतिहास आहे. २०२० च्या सप्टेंबरात भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त सापडले, त्यानंतर युरोपभर तीळ घातलेली असंख्य उत्पादने दुकानांतून परत मागवावी लागली, आणि भारतीय मालाच्या तपासण्या वाढल्या. मसाल्यांत ही मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम इतकी आहे. जंतुनाशासाठी हा वायू वापरणे आपल्याकडे अनेकांना अजूनही सर्वांत सोपे आणि स्वस्त वाटते, पण युरोपच्या बाजारात तो वापरलेल्या मालाला वाट नाही. वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रणा स्वतःकडे नसेल तर ती असलेल्या कारखान्याकडून काम करून घेऊन त्याचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे. आमच्याकडे तसा कागद होता, आणि तो टेबलावर ठेवल्यानंतरच त्या गृहस्थांनी हळदीचे पाकीट उघडले.

विषारी बुरशीद्रव्यांच्या मर्यादाही पाठ असायला हव्यात. हळदीत अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत आणि एकूण अफ्लाटॉक्सिन १० पर्यंत चालते. वाळवलेल्या द्राक्षांत ऑक्राटॉक्सिनची मर्यादा पूर्वी १० होती, ती आता ८ मायक्रोग्रॅम आहे. हे आकडे विचारल्यावर ‘मालकांना विचारून सांगतो’ असे उत्तर देणारा प्रतिनिधी स्टॉलवर उभा करणे म्हणजे भाडे वाया घालवणे होय.

भारतीय दालनाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. भारत २०१७ साली अनुगाचा भागीदार देश होता आणि तेव्हापासून आपली उपस्थिती ठळक झाली आहे. अपेडासारख्या (शेतमालाच्या निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था) संस्थांमार्फत दालनात जागा घेतली तर लहान उद्योगाला स्वतंत्र स्टॉलपेक्षा हे काम पुष्कळ कमी त्रासात होते, कारण जागेची उभारणी, वीज, फर्निचर अशा गोष्टींसाठी जर्मन कंत्राटदारांशी स्वतः झगडावे लागत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष असल्यामुळे त्या साली ज्वारी-बाजरी-नाचणीच्या बिस्किटांपासून शेवयांपर्यंत सगळे काही दालनात दिसत होते आणि युरोपीय लोक थांबून विचारतही होते. ग्लूटेनमुक्त धान्य म्हणून त्यात त्यांना रस होता. पौष्टिक परंपरा वगैरे माहितीफलक वाचायला कोणी थांबत नव्हते. फणसाचेही तसेच. कच्च्या फणसाचे गरे मांसाला पर्याय म्हणून डब्यांत आणि गोठवलेल्या स्वरूपात जागोजागी दिसतात, आणि त्यांतील पुष्कळसा माल थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका यांचा असतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली सडणारा फणस आठवून जीव हळहळतो खरा, पण त्यांनी एकसारखे तुकडे, मिठाच्या पाण्यातला डबा आणि वर्षभर अखंड पुरवठा या तीन गोष्टी जमवल्या आहेत, हे मान्य करायला हवे.

आपल्या दालनांतील सरसकट दोष असा, की एकाच टेबलावर पंचवीस वस्तू मांडल्या जातात. चिवडा, लोणचे, बासमती, हळद, आंब्याचा रस आणि पापड अशी मांडणी पाहून खरेदीदाराला हा उत्पादक आहे की मालाची जुळवाजुळव करणारा व्यापारी आहे, तेच कळत नाही, आणि तो पुढे जातो. याउलट आंब्याच्या रसाचेच काम करणाऱ्या एका कंपनीने हापूस, केसर आणि तोतापुरी असे तीनच डबे ठेवून प्रत्येकाचा ब्रिक्स (रसातील साखरेचे माप), आम्लता आणि पॅकिंगचे पर्याय समोर लिहिले होते. तेथे दिवसभर खुर्ची रिकामी दिसली नाही. गोठवलेल्या पदार्थांच्या विभागात भारतीय पराठे, समोसे चांगले बस्तान बसवून आहेत. मात्र भारतातून जाणाऱ्या मालात दुधाचा अंश असला की युरोपीय संघाची बंधने फार कडक होतात, त्यामुळे साजूक तुपातली पुरणपोळी तेथे नेण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने आधी नियम वाचावेत.

बाकीच्या सभागृहांविषयी थोडक्यात सांगतो. मांसाचा विभाग शाकाहारी माणसाने टाळला तरी चालेल, आणि टाळता येतो. दुग्धजन्य विभागात चीजचे प्रकार चाखताना दुपारच्या जेवणाची गरज उरत नाही. आवारातील उपाहारगृहांचे दर पाहता ही काही लहान सोय नव्हे. पेयांच्या विभागात सकाळी अकरापासूनच वाइन आणि बिअर ओतली जाते, आणि कोलोनची स्वतःची क्योल्श बिअर २०० मिलिलिटरच्या उभट ग्लासातून हातात दिली जाते. ज्यांना दुपारी दर ठरवायचे आहेत त्यांनी हा विभाग संध्याकाळसाठी राखून ठेवावा. नव्या उत्पादनांची निवड करून ‘टेस्ट इनोव्हेशन शो’ या नावाने स्वतंत्र मांडणी केलेली असते. ती अर्ध्या तासात पाहून होते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दुकानांच्या फळीवर काय येणार याचा बऱ्यापैकी अंदाज देते. प्रदर्शन संपल्यावर उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत पोहोचावे म्हणून ते टाफेल या अन्नवाटप करणाऱ्या संस्थेकडे दिले जाते, हीदेखील एक चांगली प्रथा आहे.

प्रत्येक मालासाठी अनुगाच योग्य, असे मात्र मुळीच नाही. ताजी द्राक्षे आणि डाळिंबे पाठवणाऱ्या नाशिक-सोलापूरच्या निर्यातदारांची जागा फेब्रुवारीत बर्लिनला भरणाऱ्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनात आहे. केवळ सेंद्रिय माल असेल तर न्यूरेंबर्गचे बायोफाख अधिक नेमके आहे. गोळ्या-चॉकलेट-खाऊच्या धंद्यासाठी कोलोनमध्येच आयएसएम भरते, तर प्रक्रियेची यंत्रे पाहायची असतील तर अनुगा फूडटेक हे नावाने सख्खे वाटणारे पण स्वतंत्र प्रदर्शन आहे. या नामसाधर्म्यामुळे चुकीच्या प्रदर्शनाची तिकिटे काढणारे लोक आहेत. सम वर्षी पॅरिसला सियाल भरते, त्यामुळे युरोपात दर ऑक्टोबरला एक मोठे प्रदर्शन मिळतेच. आणि ज्याचा बाजार मुख्यतः आखाती देशांत आहे त्याने दुबईचे गल्फूड आधी करावे. तेथे अंतर कमी, खर्च कमी, आणि हिरव्या बेदाण्याला विचारणाराही भेटतो.

खर्चाचा हिशेब मांडताना लोक स्टॉलचे भाडे आणि विमानाचे तिकीट एवढेच धरतात. त्यात नमुन्यांचे कुरिअर, जर्मनीतल्या मुक्कामाचे चढे दर, व्हिसा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचा खर्च मिळवला की आकडा बराच फुगतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे एकसारख्या दर्जाचा किमान एक कंटेनर, म्हणजे बेदाण्याच्या बाबतीत सुमारे वीस टन, एका खरेदीदाराला वेळेत देण्याची ताकद नाही त्याने अनुगामध्ये स्टॉल घेऊ नये. त्याने प्रवेशिका काढून पाहायला मात्र जरूर जावे. पाहणारा माणूस स्पर्धकांच्या टेबलाशी उभा राहू शकतो, त्यांचे तपशील वाचू शकतो, खरेदीदारांचे प्रश्न ऐकू शकतो. स्टॉलवरच्या माणसाला स्वतःचे टेबल सोडून हलता येत नाही. अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या गटाने जाऊ शकतात, फक्त गटातल्या एकाला तरी इंग्रजीतून दराची आणि मालाच्या तपशिलाची बोलणी करता आली पाहिजेत. शेंगेन व्हिसाच्या अर्जाची वेळ मिळायला उशीर लागतो, तेव्हा जून-जुलैमध्येच त्या कामाला लागावे.

पाहायला जाणाऱ्याने एक अर्धा दिवस प्रदर्शनाबाहेर, एखाद्या साध्या सुपरमार्केटमध्ये घालवावा. रेवे या मोठ्या साखळीचे मुख्यालय कोलोनमध्येच आहे आणि तिची दुकाने पावलोपावली आहेत. आल्डी आणि लिडल आहेतच. तेथे बेदाण्याच्या पाकिटावर मूळ देश, पोषणमूल्ये, काही ठिकाणी न्यूट्रिस्कोअरचे (पौष्टिकतेची श्रेणी दाखवणारे) रंगीत अक्षर आणि किलोमागचा भाव असे सारे वाचायला मिळते. यातली बहुतेक पाकिटे दुकानाच्या स्वतःच्या नावाची असतात. पिकवणाऱ्याचे नाव त्यावर कुठेही नसते. आपला ब्रँड युरोपात गाजवण्याच्या गोष्टी करणाऱ्याने ही फळी पाहावी आणि मग ठरवावे, की आपल्याला ब्रँड करायचा आहे की दरवर्षी ठरलेला माल ठरलेल्या भावाने द्यायचा आहे. दोन्ही धंदे प्रतिष्ठेचेच आहेत, पण दोहोंसाठी लागणारे भांडवल एक नाही.

शेवटी नमुन्यांबाबत एक व्यावहारिक सूचना. हातातून वाटलेले पाकीट खरेदीदाराच्या पिशवीत शंभर पाकिटांत हरवते. त्याऐवजी व्हिजिटिंग कार्ड घेऊन, कोणता माल, कोणता आकार, किती ओलावा हे त्याच्यासमोर वहीत लिहून घ्यावे आणि परतल्यावर आठवड्याभरात बॅच क्रमांक व प्रयोगशाळेच्या अहवालासह नमुना पाठवावा. दिवाळी तोंडावर आलेली असते, घरी आणि बाजारात धांदल असते, आणि नेमके त्याच पंधरवड्यात उत्तर न गेल्यामुळे आपल्याकडची बरीच नावे यादीतून गळतात. पुढचे अनुगा २०२७ च्या ऑक्टोबरात आहे. त्यासाठी बेदाण्याची प्रत ठरवण्याचे काम २०२७ च्या फेब्रुवारीतच, द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती डिपिंग ऑइलमध्ये बुडवण्याच्या वेळी, सुरू करावे लागेल.